उसना हात

"हे तू लिहून घेशील, पोरी, पण तुह्या अकोल्यात कोणी खरं मानणार नाई," पुंजाजी तायडे म्हणाला. "मले जल्मापासून तीन किडन्या होत्या. एक लेकीले देली, दोन अजून शाबूत आहेत. फोटोत तिसरी दिसली तसे डॉक्टर लोक टरकले. म्हणे तायडे, बाहेर बोलू नका, नाई तं परदेशातून लोक येतीन तुमाले पाहाले."

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या प्रणालीनं ते लिहून घेतलं नाही. ती हसलीही नाही. मांडीवरच्या वहीवर पेन्सिल धरून नुसती बघत राहिली. एरवी या थापेवर माणूस हमखास हसायचा. हसला की विषय निघून जायचा, आणि विषय निघून जावा एवढंच आज सकाळी पुंजाजीला हवं होतं.

वलगावात पुंजाजीचं बोलणं लोक निम्मं करून ऐकत. उरलेल्या निम्म्याचं पुन्हा निम्मं करत, आणि एवढी काटछाट करून जे हाती लागे तेसुद्धा दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर स्वतःच्या नावानं खपवत. एकतीस वर्षं त्यानं गावच्या नळयोजनेचा पंप चालवला. विहिरीतला अजगर आपल्या पंपाच्या आवाजावर झोपी जातो आणि रविवारी पंप बंद असला की टाकीवर चढून तक्रार करतो, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की अजगर कोणी पाहिला नसतानाही बायका रविवारी टाकीखालून जात नसत.

आता वय एकसष्ट. बायको केशरबाई सात वर्षांपूर्वी गेली. एकुलती लेक माधवी अकोल्यात, शाळेवर शिक्षिका. त्या माधवीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा पुंजाजीनं आपली एक तिला दिली. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्याला या ऑक्टोबरात आठ महिने होत होते.

किडनी देणाऱ्या प्रत्येकाला तो दवाखाना घरी जाताना बीपीचं एक मशीन देई आणि फोनात एक ॲप टाकून देई. रोज दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा आपोआप फोनात जायचा, फोनातून दवाखान्यात, आणि 'जवळची व्यक्ती' म्हणून ज्याचं नाव लिहिलं असेल त्याच्याही फोनात. आकडा बरा असला की पडदा हिरवा. चढला की लाल, आणि वर कानात दाभण घुसावं असा आवाज. पुंजाजीची जवळची व्यक्ती माधवी होती.

हे ॲप लोकांना खरोखर वापरता येतं का, ते बघायला अकोल्याच्या एका संस्थेनं प्रणालीला धाडलं होतं. पहिल्या बसनं आली होती बिचारी. आल्या आल्या तिनं पाठ केल्यासारखं सांगून टाकलं:

"काका, मी तुमची परीक्षा घ्यायला आलेले नाही. परीक्षा ॲपची आहे. काही चुकलं तर ती ॲपची चूक. मी सहा कार्डं देईन, एकेका कार्डावर एकेक काम आहे. नेहमी करता तसंच करायचं. आणि करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं. मी मधे बोलणार नाही, मदत करणार नाही, तुम्ही विचारलं तरी उत्तर देणार नाही. आमचा नियमच आहे तसा."

"अन मी आडवा पडलो तं?"

प्रणालीनं उत्तर दिलं नाही. नियम सुरू झाला होता.

बोलण्याचं काम पुंजाजीनं जन्मभर केलं होतं. मनात आहे ते मोठ्यानं बोलण्याचं एकदाही नाही. आणि आत्ता त्याच्या मनात दोनच गोष्टी होत्या. तिच्या हातातल्या सहा कार्डांपैकी एक नक्की बीपीचं असणार. आणि आठ वाजत आलेत, धर्मपाल न येवो.

पहिलं कार्ड पाण्याचं निघालं. काल किती पाणी प्यायलात ते भरा. पुंजाजीनं चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला. पडद्यावर लिहिलं होतं, 'द्रव सेवन प्रविष्ट करा.'

"द्रव सेवन," त्यानं वाचलं. "हे काय व्हय, बाई?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते का हे दारूबद्दल पुसून राहिलं. मी पंचशील घेतलेला माणूस, मले कायले पुसते हे?"

प्रणालीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण तिनं तो जागच्या जागी आवरला आणि काहीतरी लिहिलं. मग पुन्हा ती बघणं. पुंजाजीला आजवर असं कोणी ऐकलं नव्हतं. ना हूं, ना हां, ना 'फेकू नको बे'. टाकीतल्या पाण्यात दगड टाकावा आणि डुबुक असा आवाजच येऊ नये, तसं त्याला झालं. त्यानं अंदाजानं बारा ग्लास लिहिले. खरे पाच असतील. तिची पेन्सिल पुन्हा चालली, आणि त्याला वाटलं, हिनं पाचच लिहिले.

दुसऱ्या कार्डावर विचारलं होतं, आज कसं वाटतंय? ॲपमध्ये पाच चेहरे होते, पहिला खदखदा हसणारा, शेवटचा रडणारा. पुंजाजीनं हसणाऱ्यावर बोट ठेवलं.

"मोठ्यानं, काका."

"हेच का... मस्त वाटून राहिलं. हलकं. पाखरासारखं."

सकाळपासून त्याची मान मागून ठणकत होती. कोणी आतून बुक्की मारावी तशी, ठोक्याला एक. आणि पायात मोजे होते. ऑक्टोबरचं ऊन अंगणात आठ वाजताच भाजत होतं, घरात पंखा गरगरत होता, आणि पुंजाजी पायात लोकरीचे मोजे घालून बसला होता. महिनाभरापासून त्याचे घोटे सुजत. रोज उठल्यावर तो नडगीवर अंगठा दाबी आणि पडलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मोजी. पहिल्या आठवड्यात तीन मोजेस्तोवर भरायचा. आज सकाळी अकरापर्यंत मोजलं तरी तो खड्डा तिथंच होता, ओल्या मातीत बकरीचा खूर उमटावा तसा.

पुंजाजी मशीनचा माणूस. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नळयोजनेला दोन पंप होते. त्यातला एक जळाला तेव्हा सगळ्या गावाचा भार दुसऱ्यावर आला. वर्ष-दीड वर्ष तो मुकाट चालला. मग त्याचा आवाज जरा जाड झाला. पुंजाजीनं पाइपावर हात ठेवून ते ओळखलं होतं, पण पंप उघडायचा तर गाव आठ दिवस कोरडं राहणार आणि शिव्या त्याच्या नावानं पडणार. म्हणून दाबाच्या काट्याकडे त्यानं बघणंच सोडलं. रजिस्टरमध्ये पहिल्या तारखेला बसून पूर्ण महिन्याचं 'दाब ठीक, दाब ठीक' एकदमच लिहून मोकळा व्हायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी तो पंप गेला. जायच्या आधी मिनिटभर तो अगदी गोड चालला होता, नवा असल्यासारखा. पुंजाजीनं आयुष्यात हजार गोष्टी रचून सांगितल्या, ते एक मिनिट मात्र कोणाला सांगितलं नाही. हल्ली सकाळी बरं वाटलं की त्याला तेच मिनिट आठवे.

मग मशीन कशाला होतं, तुम्ही म्हणाल. दंडाला पट्टा बांधायचा आणि बघायचं. बांधला होता ना! ऑपरेशननंतर दोन महिने रोज बांधला. एप्रिलातल्या एका सकाळी आकडा आला एकशे अठ्ठावन्न, खाली शहाण्णव. पडदा लाल झाला, फोन किंचाळला, आणि पुंजाजी त्याला उशीखाली दाबतो न दाबतो तोच अकोल्यात माधवीचाही फोन किंचाळला. नव्या किडनीच्या माणसानं सहा महिने गर्दीत जायचं नाही, असं दवाखान्यानं बजावलेलं. पण तिनं कोणाला विचारलं नाही. भर उन्हात एसटीत उभी राहून आली. दारात आली तेव्हा घामानं निथळत होती आणि तोंडावरचा मास्क ओला चिंब होता. पुंजाजीचा आकडा तोवर स्वतःच खाली आला होता. माधवीला मात्र तिसऱ्या दिवशी ताप भरला. अकरा दिवस ती अमरावतीला काचेच्या खोलीत होती, आणि अकरा दिवस पुंजाजी काचेच्या अलीकडे उभा. ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमाले काई झालं ना, तं मी ह्या गोळ्या बंद करीन. तुमची किडनी घेऊन मी एकटी राहणार नाई."

त्या गोळ्यांवरच तिच्या पोटातली बापाची किडनी टिकून होती. माधवी थापा मारणाऱ्यांतली नव्हती. ती आईवर गेली होती.

त्या दिवशी पुंजाजीनं ठरवलं, लाल पडदा पुन्हा त्या फोनात जाणार नाही. पण मशीन हट्टी. आकडा बोटानं लिहू देत नाही, स्वतःच पाठवतं. मग काय बदलता येतं? दंड.

शेजारचा धर्मपाल नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत रातपाळीला होता. चाळिशीचा गडी, दंड म्हणजे बाभळीचं खोड. सकाळी आठला परतायचा, पुंजाजीच्या घरी चहा घ्यायचा आणि घरी जाऊन झोपायचा. एप्रिलपासून चहाच्या आधी बाही वर करून तो हातही देऊ लागला. आकडा ठरलेला. एकशे अठरा, खाली शहात्तर. हिरवागार.

"दादा," धर्मपाल म्हणायचा, "उद्या मी मेलो तं दवाखानेवाले तुले जाळाले येतीन."

तेव्हा दोघंही हसत. जूनमध्ये दवाखान्यातून फोन आला, की तायडे काका, तुमचं बीपी वीस वर्षांच्या पोरासारखं आहे, सहा महिन्यांच्या तपासणीला नाही आलात तरी चालेल, एकदम वर्षानं या. पुंजाजीनं त्यांनाही अजगराची गोष्ट सांगून हसवलं. फोन ठेवला, आणि मानेवर तळवा दाबून बराच वेळ भिंतीकडे बघत बसला.

काल सकाळी त्यानं धर्मपालला निक्षून सांगितलं होतं, उद्या येऊ नको, पाहुणी येणार आहे. धर्मपाल 'हाव' म्हणाला होता. पण रातपाळी करून आलेला माणूस 'हाव' कशाला म्हणतो, त्याचं त्याला तरी कुठे माहीत असतं?

प्रणाली तिसरं कार्ड पुढे करत होती, तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

"जयभीम, दादा."

धर्मपाल आत आला, तांबारलेल्या डोळ्यांनी स्टूल ओढलं, त्यावर डावं कोपर टेकवलं, दुसऱ्या हातानं बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि डोळे मिटले.

"लाव," तो म्हणाला.

प्रणालीनं त्या उघड्या दंडाकडे पाहिलं. कोनाड्यातल्या बीपीच्या मशीनकडे पाहिलं. मग पुंजाजीकडे.

"हा धर्मपाल," पुंजाजी म्हणाला. "शेजारी व्हय. याचा हात... काय झालं का, कंपनीत वाफ लागली होती याच्या हाताले. तवापासून डॉक्टरनं सांगितलं, रोज सकाळी आठाले बाही वर करून हाताले हवा द्या लागते. दुसऱ्याच्या घरची. सोताच्या घरची हवा चालत नाई."

धर्मपालनं एक डोळा उघडला. खुर्चीवरची अनोळखी मुलगी, तिची वही, कार्डं, सगळं त्या एका डोळ्यात हळूहळू शिरलं.

"हाव, बाई," तो म्हणाला. "हवा द्या लागते."

"लागली ना? आता जा, झोप."

"चहा नाई घेतला अजून."

"चहा करा की तुम्ही काका, मी थांबते," प्रणाली म्हणाली. "नेहमी जसं असतं तसंच चालू द्या."

नेहमी जसं असतं तसंच! पुंजाजीनं चहाचं आधण ठेवलं तेव्हा साखर दोनदा पडली. मागे ती वहीत लिहीत होती. पेन्सिलीची खरखर त्याला मानेच्या त्याच ठिकाणी ऐकू येत होती, जिथं ठोके पडत होते.

तिसरं कार्ड झालं. मागच्या आठवड्याचे आकडे शोधायचे होते, ते त्यानं शोधले. एकाखाली एक धर्मपालचा हात, हिरवा, हिरवा, हिरवा. चौथ्या कार्डावर होतं, अंगदुखीची गोळी घ्यायची झाल्यास कोणती चालते ते ॲपमध्ये बघा. पुंजाजीनं आजवर ॲपचं ते पान उघडलंच नव्हतं. खूप खाली, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत गोळ्यांची नावं होती. त्यातलं एक नाव ओळखीचं निघालं. पुढे लिहिलं होतं, 'एका किडनीवर असलेल्या व्यक्तीने ही घेऊ नये.'

"मोठ्यानं वाचाल का, काका?"

पुंजाजीनं वाचलं नाही. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या त्याच गोळ्यांचं पाकीट त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. दहातल्या चार उरल्या होत्या. आणि हे चौथं पाकीट.

"अक्षर लहान आहे," तो म्हणाला. "दिसत नाई."

हे खरं होतं. दिसलं होतं, तेही खरं होतं. प्रणालीनं लिहून घेतलं. मग तिनं पाचवं कार्ड स्टुलावर ठेवलं, धर्मपालच्या कपाशेजारी.

'आजचे बीपी घ्या.'

"सेल गेले मशीनचे," पुंजाजी लगेच म्हणाला. "काल रातीच गेले."

"सेल गेले तर नेहमी काय करता?"

"काल सकाळी तं नवे टाकले ना, दादा," धर्मपाल कपातून म्हणाला. आणि मग काय बोलून गेलो ते कळून त्यानं कप तोंडाला तसाच लावून ठेवला.

"हे मशीन तसं लय जालिम आहे, बाई," पुंजाजीनं सुरुवात केली. गोष्ट लांबवता आली तर लांबवावी, अकराची बस आहे तिची, एवढाच त्याचा हिशेब. "पयल्या दिवशी पट्टा फुगला तो फुगतच गेला. मी खाटेवरून वीतभर वर उचलल्या गेलो. धर्मपालनं पाय धरून खाली ओढलं मले. पूस त्याले. अन एकदा तं..."

प्रणाली बघत होती. हसत नव्हती, रागावत नव्हती, घाईही करत नव्हती. तिची नजर एकदाच खाली गेली, त्याच्या लोकरीच्या मोज्यांवर थांबली, पुन्हा वर आली. पुंजाजीची गोष्ट अर्ध्यावर विरून गेली. असं त्याच्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं. गोष्ट थांबली तेव्हा त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला, जाड, पाइपात हवा शिरल्यासारखा.

त्यानं मशीन कोनाड्यातून काढलं. सहा महिन्यांत पट्ट्याला धर्मपालच्या दंडाचा आकार आला होता. पुंजाजीच्या दंडावर तो सैल बसला, दोनदा गुंडाळावा लागला. त्यानं मनाशी म्हटलं, कदाचित बराच असेल आकडा. सूज उन्हानंही येते. मान उशीनंही दुखते. मग त्यानं बटण दाबलं.

मशीनच्या आत छोटासा पंप सुरू झाला. घुर्र, घुर्र. तो आवाज पुंजाजी झोपेतही ओळखला असता, लहान झाला तरी पंपच. पट्टा फुगत गेला, दंड आवळत गेला, बोटांना मुंग्या आल्या. धर्मपालच्या हातावर हा पंप थोडा वेळ चालून थांबायचा. आज थांबेना. त्यानं एकदा दम घेतला आणि पुन्हा जोर धरला, जसा टाकी उंच असली की धरतो. पुंजाजीनं समोर केशरबाईच्या फोटोकडे बघितलं. मग पट्टा सुस्कारा टाकत उतरू लागला, आणि ठोका, ठोका, ठोका, मानेतला तोच ठोका दंडात आला आणि मशीनच्या काचेवर काळ्या आकड्यांत उभा राहिला.

एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली एकशे आठ.

फोन किंचाळला. चहाचा कप धर्मपालच्या हातात हिंदकळला. पडदा लाल झाला होता, मिरचीसारखा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत होतं, 'धोक्याची पातळी. त्वरित संपर्क साधा.'

"कोणाशी?" पुंजाजीनं विचारलं. पडद्यावर नंबर नव्हता, नाव नव्हतं. त्यानं वर-खाली बोट फिरवलं. काही नाही. "कोणाशी साधू? बाई, कोणाशी साधू हे?"

आज पहिल्यांदाच त्याच्या मनातलं त्याच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर आलं होतं, मोठ्यानं. प्रणालीनं ते लिहिलं नाही. तिची पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती आणि तोंड उघडून ती पुन्हा मिटून घेत होती.

मग फोन वाजू लागला. पडद्यावर माधवीचं नाव. पुंजाजीला एका कानानं कमी ऐकू येई म्हणून फोन नेहमी स्पीकरवरच असायचा.

"बाबा! बाबा, हे काय आलं? एकशे अठ्ठ्याहत्तर? तुमी बोलून राहिले ना? कोणी आहे का घरी? मी निघाली, साडेआठची गाडी भेटते मले."

मागे शाळेतल्या पोरांचा गलका होता. तिच्या चपला फटफट वाजत होत्या. ती चालत होती, पळतच होती. पुंजाजीच्या डोळ्यांसमोर काचेची खोली आली.

"थांब! माधवी, थांब तिथीच. निघू नको. अवं, तो माहा आकडा नाई."

"मंग कोणाचा?"

"धर्मपालचा." सहा महिने पुंजाजीच्या नावावर धर्मपालचा आकडा गेला होता. आज पहिल्यांदा पुंजाजीचा स्वतःचा गेला, तर तो धर्मपालच्या नावावर पडला. "रातपाळी करून आला ना. म्हणे डोकं दुखून राहिलं. म्हटलं आण हात, पाहू. तं हे निघालं! सांग रे तिले, धर्मपाल."

धर्मपालनं कप खाली ठेवला. पुंजाजीकडे बघितलं, त्या लाल पडद्याकडे बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हाव, माधवी," तो म्हणाला. अगदी हळू.

चपलांची फटफट थांबली.

"धर्मपालदादाचा?" तिचा श्वास अजून चढलेलाच होता. "अन तुमचा?"

"माहा? माहा कालच्यासारखाच. एकशे अठरा. मले काय होते? तिसरी किडनी आहे ना माह्याजवळ, राखीव." तो हसला. हसताना मानेत असा जोराचा ठोका पडला की खोली क्षणभर तिरपी झाली आणि त्यानं खाटेची कड धरली.

"खरं सांगून राहिले ना, बाबा?"

"तुह्या मायच्या फोटोपुढे बसून सांगतो."

मग माधवी हसली, रडता रडता हसावं तशी, आणि म्हणाली, "जीव गेल्ता माहा. मंग धर्मपालदादाले दवाखान्यात धाडा लवकर, एवढा बीपी बरा नाई. मी वर्गावर जाते."

"जाय, माय. जाय. पोरं वाट पाहून राहिले."

पुंजाजीनं डोळे मिटले. झालं. अजून एक दिवस निभला. आता ही पोरगी सहावं कार्ड देईल, अकराची बस धरेल, आणि उद्या सकाळी आठ वाजता धर्मपाल येईल. त्याच्या मानेतला ठणका एकाएकी थांबला होता. अगदी छान, गोड, शांत वाटत होतं. आणि तेवढ्यात त्याला कळलं की हे असं शांत वाटणं त्याच्या ओळखीचं आहे, मे महिन्यातल्या त्या दुपारचं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सहावं कार्ड जमिनीवर पडलं होतं, आणि प्रणाली उठून अजून चालू असलेल्या फोनाशी वाकली होती. तासभर तिनं जपलेली ती शुद्ध, पाठ केलेली भाषा कुठच्या कुठे गेली होती.

"काका, खोटं काहून बोलून राहिले?" ती म्हणाली, अकोल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "पट्टा तुमच्याच दंडाले आहे अजून."